छोटं बाथरूम, भारदस्त रंग

या वेळच्या पत्रांत बाथरूमच्या रंगाचे प्रश्न इतके जवळजवळचे आले की ते एकत्रच घेतले आहेत. बहुतेकांना हवा आहे तो ‘पुरुषी’ म्हणता येईल असा, गडद आणि भारदस्त रंग. धास्तीही एकच आहे: जागा आधीच अपुरी, त्यात अंधार व्हायचा.

प्रश्न : माझं बाथरूम पाच बाय सात फुटांचं आहे. खिडकी नाही, वर एक झडप आहे तेवढीच. एकटाच राहतो. गडद निळा किंवा कोळशी राखाडी द्यायचा विचार आहे, पण जो तो म्हणतो लहान जागेला पांढराच हवा. खरं काय?

उत्तर : लहान जागेला पांढरा, हा सल्ला उजेड असलेल्या खोलीपुरता ठीक आहे. पांढरा रंग उजेड तयार करत नाही, पडलेला उजेड परतवतो. खिडकीच नसेल आणि छताला एकच मिणमिणता दिवा असेल, तर तोच पांढरा कोपऱ्यांत मळका राखाडी दिसतो. गडद रंगाचं उलट असतं. त्यात कोपरे आणि कडा एकमेकांत मिसळून जातात, भिंत नेमकी कुठं संपते ते डोळ्याला चटकन जाणवत नाही. त्यामुळे गडद रंगानं जागा कोंदट दिसेलच असं नाही. कोंदट दिसते ती अपुऱ्या दिव्यानं. तेव्हा गडद रंग जरूर द्या, फक्त दिव्याचा विचार रंगाच्या आधी करा.

आता ‘पुरुषी’ म्हणजे काय ते पाहू, कारण दुकानात या नावाचं शेडकार्ड मिळत नाही. लोक ज्या रंगांना हे विशेषण लावतात त्यांत दोन गुण समान दिसतात. रंग खोल असतो आणि दबलेला असतो, म्हणजे त्याचा भडकपणा राखाडीनं, काळ्यानं किंवा तपकिरीनं मारलेला असतो. म्हणून नेव्ही भारदस्त वाटतो आणि त्याच्या शेजारचा मोरपंखी वाटत नाही. पाटीचा काळसर राखाडी, कोळशी, शेवाळी, ऑलिव्ह, खाकी, कॉफी, दबका विटकरी हे सगळे या गटातले. निव्वळ काळेपणाच्या मागे लागलात तर खोली जड होते आणि रंगाची मजाही हाती लागत नाही.

बऱ्याच कंपन्या शेडच्या मागे किंवा रंगाच्या यादीत ‘एलआरव्ही’ नावाचा आकडा देतात. पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती शेड परत फेकते, याचं हे माप ० ते १०० मध्ये असतं. नेव्ही आणि कोळशी साधारण १० च्या आसपास किंवा खाली, मधला ऑलिव्ह १५ ते २५, फिका राखाडी-बदामी ५० ते ६०. तुमच्या बाथरूमला छतावर एकच दिवा राहणार असेल तर २० च्या खाली उतरू नका, ऑलिव्ह किंवा मधला स्लेट, म्हणजे पाटीचा राखाडी, घ्या. आरशाजवळ आणखी दोन दिवे लावणार असाल तर नेव्ही बिनधास्त द्या. पस्तीस चौरस फुटांच्या गडद बाथरूमला सगळे दिवे मिळून २,५०० ते ३,००० लुमेन उजेड हवा. लुमेनचा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. वॅटवरून अंदाज बांधू नका.

नेव्ही निवडताना एक काळजी घ्या. कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी जास्त निळी शेड घ्या. अगदी गडद नेव्ही पिवळ्या दिव्याखाली काळाच दिसतो, मग निळा दिल्याचा उपयोग काय? मधल्या शेडमध्ये मात्र उलट घडतं. चारही भिंती जवळ असल्यानं त्या एकमेकींवर आपला रंग फेकतात आणि रंग कार्डापेक्षा जास्त भडक भासतो. म्हणून ऑलिव्ह किंवा विटकरी घ्यायचा तर कार्डावर थोडी निस्तेज वाटणारी शेडच भिंतीवर बरोबर बसते.

प्रश्न : दोन मुलगे आहेत, बारा आणि पंधरा वर्षांचे. त्यांच्या बाथरूमला निळाच द्यावा लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. निळा मुलग्यांचा आणि गुलाबी मुलींचा, ही वाटणी फार जुनी नाही. १९१८ साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकानं नेमका उलटा सल्ला दिला होता: गुलाबी मुलग्यांना, निळा मुलींना. या वयाची मुलं बाथरूम दणकट वापरतात. त्यामुळे आधी बघायचं ते रंग पुसता येतो का. धुता येणाऱ्या सॅटिनमधला, म्हणजे सौम्य चमकेच्या रंगातला, मधला राखाडी किंवा शेवाळी घ्या. खूप गडद नको, कारण टूथपेस्टचे आणि साबणाचे पांढरे शिंतोडे गडद भिंतीवर दुरूनही दिसतात. दोन-तीन शेड तुम्ही निवडा आणि त्यांतली एक मुलांना निवडू द्या.

प्रश्न : टाइल्स जुन्या आहेत, चार फुटांपर्यंत, बदामी रंगाच्या. त्या काढायच्या नाहीत. वरच्या भिंतीला ऑलिव्ह दिला तर तो कसा दिसेल? आमच्या ओळखीच्या रंगाऱ्यानं नको म्हटलं, पण कारण सांगितलं नाही.

उत्तर : त्यांनी कदाचित टाइल्समधली गुलाबी झाक पाहिली असेल. बदामी टाइल्स दोन जातींच्या असतात, पिवळसर आणि गुलाबीसर. रोज बघून बघून आपल्याला त्या नुसत्या ‘बदामी’ वाटतात. खात्री करायची तर एक कोरा पांढरा कागद टाइलला चिकटवून धरा आणि कागदाच्या कडेला लागून टाइलकडे बघा. झाक लगेच उघडी पडते.

गुलाबीसर टाइलच्या डोक्यावर ऑलिव्ह किंवा बाटलीहिरवा आला की टाइल आहे त्याहून जास्त गुलाबी दिसू लागते. दोन विरोधी रंग शेजारी ठेवले की ते एकमेकांना उठाव देतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये हा परिणाम सविस्तर मांडला. शंका होती गालिचे-पडदे विणण्याच्या कारखान्यातल्या धाग्यांचा रंग फिका पडल्याची, पण दोष निघाला शेजारच्या रंगाचा. तुमच्या बाबतीतही हेच होईल. भिंत सुरेख दिसेल आणि टाइल्स डोळ्यांत खुपतील.

गुलाबीसर टाइल्सना तपकिरीकडे झुकणारे रंग सांभाळून घेतात: कॉफी, दबका विटकरी, तपकिरी झाक असलेला कोळशी. निळसर राखाडी टाळा, त्यानंही गुलाबी वर येतो. टाइल्स पिवळसर निघाल्या तर ऑलिव्ह खुशाल द्या, नेव्हीही चालेल. पांढऱ्या किंवा करड्या टाइल्स असतील तर जवळपास काहीही बसतं. फक्त टाइल्स शुभ्र पांढऱ्या असताना दाराच्या चौकटीला मोतिया रंग देऊ नका, तो कळकट दिसतो.

टाइल्समधल्या फटींचा रंगही बघा. फटी काळवंडल्या असतील तर नव्या गडद रंगाशेजारी त्या आणखी मळक्या दिसतील. रंगाच्या आधी त्या खरवडून नवं ग्राउट भरा. गडद भिंतीला मधल्या राखाडी रंगाचं ग्राउट शोभून दिसतं आणि डागही लपवतं.

प्रश्न : दुकानात कोळशी राखाडी निवडला, घरी भिंतीवर जांभळट दिसतोय. दुकानदारानं चुकीचा डबा दिला का?

उत्तर : बहुधा डबा बरोबरच असेल. राखाडी रंग काळा आणि पांढरा मिसळून क्वचितच करतात. त्यात निळा, हिरवा, जांभळा, तपकिरी यांपैकी कशाची तरी झाक असते आणि ती वर येईल की नाही ते दिव्यावर ठरतं. उजेड किती पिवळा किंवा निळसर, ते केल्विनमध्ये मोजतात. दुकानातला पांढरा दिवा ६,५०० केल्विनचा, घरातला पिवळा २,७०० चा, तर तीच शेड दोन ठिकाणी दोन रंगांची दिसणारच. शंका मिटवायची तर डब्याच्या झाकणावरचा शेड क्रमांक पडताळा आणि झाकणावरचा सुकलेला रंग दिवसा बाहेर नेऊन कार्डाशी ताडून पाहा. तिथं दोन्ही जुळले तर दोष दिव्याचा आहे.

दिव्याचा प्रकार आधी ठरवा. ऑलिव्ह, कॉफी, विटकरी यांना ३,००० केल्विनचा उबदार दिवा खुलवतो. नेव्ही आणि स्लेट ४,००० वर चांगले दिसतात. ६,५०० चा दिवा बाथरूममध्ये लावूच नये असं आमचं मत आहे; राखाडी त्याखाली निळा पडतो आणि चेहराही फिकट दिसतो. खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा बघा, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप; ९० किंवा त्याहून जास्त हवा. ८० च्या दिव्यात तांबूस छटा मरतात आणि कॉफी रंग मातकट दिसतो.

मग नमुना. भिंतीवर जुन्या रंगावर एक फटकारा मारून काही कळत नाही, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन फूट बाय दोन फूट जाड पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात, कडेनं दीड-दोन इंच पांढरी पट्टी सोडून. ओला रंग आणि सुकलेला रंग यांत फरक पडतो, म्हणून पूर्ण सुकू द्या. मग तो तुकडा टाइल्सवर उभा टेकवून, आरशाशेजारी आणि दाराच्या मागे अशा तीन जागी ठेवा. सकाळी आणि रात्री, बाथरूमचाच दिवा लावून बघा. शेड जांभळट असेल तर ती इथंच दिसेल.

प्रश्न : आमच्या ह्यांना बाटलीहिरवा हवाय. बाथरूम एकच, आम्ही दोघंही वापरतो. आरशात चेहरा हिरवट दिसणार नाही का?

उत्तर : दिसेल, दिवा छताच्या मधोमध एकटाच असेल तर. त्याचा उजेड आधी भिंतींवर पडतो, तिथून रंगून चेहऱ्यावर येतो. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सव्वापाच ते साडेपाच फुटांवर घ्या. तिथून उजेड थेट चेहऱ्यावर येतो आणि दाढीला किंवा टिकली-काजळाला सावली आडवी येत नाही. तेवढं करूनही धाकधूक वाटत असेल तर आरशाची भिंत आणि तिच्या समोरची भिंत फिक्या, मोतिया रंगात ठेवा आणि उरलेल्या दोन हिरव्या. चेहऱ्यावर रंग फेकते ती मुख्यतः जवळची भिंत, म्हणून बेसिन कोपऱ्यात असेल तर त्या कोपऱ्याची बाजूची भिंतही फिकी हवी.

प्रश्न : मॅट की सॅटिन? फोटोंत गडद मॅट फार देखणा दिसतो.

उत्तर : देखणा दिसतोच. पण गडद मॅटवर हात, टॉवेल किंवा फडका घासला की तेवढी जागा चकाकू लागते. रंगाचा खरखरीत पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असतो. पुसून ही चमक जात नाही, कारण तो डाग नाहीच. टॉवेलच्या दांड्याखाली आणि विजेच्या बटणांभोवती हे आधी दिसतं. पूर्ण ग्लॉस दुसऱ्या टोकाला. पुट्टीतला प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा गडद ग्लॉसमध्ये उठून दिसतो. म्हणून मधला मार्ग, सॅटिन किंवा सौम्य चमकेचं धुता येणारं, बुरशीरोधक इमल्शन. छताला हवं तर मॅट द्या, पण तेही बाथरूमसाठी बनवलेलं घ्या.

प्रश्न : टाइल्सच्या लगेच वर, चारी बाजूंनी, रंगाचे पोपडे निघतात. छताच्या कोपऱ्यात काळे ठिपके आहेत. गडद रंग दिला तर झाकलं जाईल असं घरचे म्हणतात.

उत्तर : कृपा करून झाकू नका. गडद रंगावर पोपड्याची कड आणि ओलीमुळे फुटणारी क्षारांची पांढरी पावडर फिक्या रंगापेक्षा जास्त ठळक दिसते. इथं दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी.

पोपडे टाइल्सच्या रेषेलाच धरून निघतात, याचा अर्थ पाणी टाइल्सच्या वरच्या कडेतून आत जातंय. ती कड बोटानं चाचपून बघा. टाइलची जाडी भिंतीपेक्षा पुढं आलेली असते, त्या अर्ध्या इंचाच्या कंगोऱ्यावर पाणी साचतं आणि तडकलेल्या व्हाइट सिमेंटमधून भिंतीत झिरपतं. तिथून ते वर चढतं आणि रंगाला मागून ढकलतं. ही फट पूर्ण खरवडा, दोन दिवस सुकू द्या आणि अॅक्रिलिक सीलंट भरून ओल्या बोटानं बाहेरच्या बाजूला उतार द्या. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही. गोळा होऊन सरकतो.

ओल भिंतीतूनच येते की हवेतून, ते तपासायला दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि चोवीस तास तसंच ठेवा. मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर ओल भिंतीत आहे. मग मागचा नळ, पाइपाचा जोड किंवा वरच्या मजल्याचं बाथरूम तपासल्याशिवाय रंगाला हात लावू नका. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर ती वाफ आहे.

भिंतीवर पांढरी पावडर फुटली असेल तर ती कोरड्या ताठ ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. गिलावा नवा असेल तर किमान २८ दिवस थांबून अल्कलीरोधक प्रायमर लावा. कोवळ्या सिमेंटमधल्या अल्कलीत काही रंगद्रव्यं टिकत नाहीत, आणि गडद भिंतीवर फिके चट्टे पडतात.

आता काळे ठिपके. एका ठिपक्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका. रंग उडाला तर बुरशी, तसाच राहिला तर धूळ-मळ. बुरशी असेल तर एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, हे मिश्रण स्पंजानं लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्यानं धुऊन एक पूर्ण दिवस सुकवा. हातमोजे, चष्मा घाला आणि दार सताड उघडं ठेवा. त्याच वेळी आम्लाचा टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं काहीही वापरू नका. दोन्ही बाबतींत विषारी वायू सुटतो आणि लहान बाथरूममध्ये तो फार लवकर साठतो. पोपडे खरवडताना किंवा बुरशी घासताना कोरडी पुसापुशी करू नका, बीजाणू उडतात; आधी ओलं करा.

एवढं केल्यावरही वाफ जायला वाट नसेल तर ठिपके परत येतील. पाच बाय सातच्या बाथरूमला ताशी ८५ घनमीटर हवा ओढणारा एक्झॉस्ट फॅन पुरतो, काही खोक्यांवर हेच ५० सीएफएम असं लिहिलेलं असतं. अंघोळ झाल्यावर तो वीस मिनिटं चालू ठेवा. दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट हवी. हवा आत यायलाच जागा नसेल तर पंखा नुसता फिरतो.

प्रश्न : स्वतःच रंगवायचं ठरवलं आहे. रंग किती आणू आणि क्रम काय? जागा ५ × ७ फूट, उंची ९ फूट, टाइल्स ४ फुटांपर्यंत. जुना रंग चकचकीत आहे. छतही रंगवायचं आहे.

उत्तर : चारी भिंतींची एकूण लांबी २४ फूट, टाइल्सच्या वर ५ फूट भिंत, म्हणजे १२० चौरस फूट. दार आणि झडप वजा जाता ११० धरा. छताचे ३५ मिळवले की १४५. एक लिटर रंग एका हाताला साधारण ११० चौरस फूट जातो. दोन हातांना २.७ लिटरच्या आसपास लागेल आणि गडद शेडला तिसरा हात जवळजवळ ठरलेलाच, म्हणून ४ लिटर आणा. प्रायमर दीड लिटर. रंगाचे दोन डबे असतील तर आधी एका बादलीत एकत्र ढवळून घ्या. मशिनवर एकाच क्रमांकानं काढलेल्या दोन डब्यांतही बारीक फरक पडू शकतो आणि गडद भिंतीवर तो मधोमध दिसतो.

गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे टिंट मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनते त्यात झाकणारं पांढरं रंगद्रव्य, टायटॅनियम डायऑक्साइड, फारच कमी असतं. म्हणून रंग गडद असूनही पारदर्शक वाटतो आणि पहिल्या हातानंतर भिंत चट्टेरी दिसते. घाबरू नका, जाड थरही देऊ नका. पांढऱ्याऐवजी राखाडी टिंट केलेला प्रायमर घ्या. नेव्ही, बाटलीहिरवा आणि कोळशीखाली त्यानं पुष्कळ फरक पडतो.

जुना रंग ऑइल पेंट आहे का ते आधी पाहा. स्पिरिटमध्ये बुडवलेला फडका एका जागी जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर तो पाण्याचा, नाही लागला तर बहुधा ऑइल. ऑइल असेल तर १५० नंबरच्या पॉलिश पेपरनं चमक पूर्ण मारा आणि बाँडिंग प्रायमर लावा. घासणं टाळलंत तर नवा रंग नखानं साल निघावी तसा निघेल. फार जुन्या घरातल्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, तिथं कोरडं घासू नका. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून वापरा आणि मास्क लावा.

खळगे भरायला बाथरूममध्ये सिमेंटची किंवा पाण्याला टिकणारी अॅक्रिलिक पुट्टी घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस ओलीत मऊ पडतं. पुट्टी सुकल्यावर २२० नंबरनं घासा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. सॅटिनखाली जे दिसणार आहे ते सगळं आत्ताच दिसेल. धूळ ओल्या फडक्यानं पुसा, सुकू द्या, प्रायमर मारा.

रंगाला चार इंची छोटा रोलर आणि दोन इंची ब्रश पुरे. मोठा रोलर कमोडच्या मागे आणि पाइपांच्या बाजूला जात नाही. छत आधी. मग एकेक भिंत घ्या: तिच्या कडा ब्रशनं काढा आणि त्या ओल्या असतानाच रोलर कडेपर्यंत न्या. चारी भिंतींच्या कडा आधी ब्रशनं काढून मग रोलर फिरवायला गेलात तर कडा सुकून गडद रंगात भिंतीभोवती चौकट उमटते. तिसऱ्या हातानंही ती जात नाही. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. दोन हातांमध्ये किमान चार तास, दमट हवेत त्याहून जास्त. शेवटचा हात थोडा ओलसर असतानाच मास्किंग टेप ४५ अंशांत हळू ओढा. पूर्ण सुकल्यावर ओढलीत तर रंगाची किनार तिच्याबरोबर येते.

छताला पांढरा की भिंतीचाच रंग? तुमची उंची ९ फूट आणि रुंदी ५, म्हणजे खोली अरुंद आणि उंच आहे. इथं छतालाही भिंतीचाच रंग द्या. त्यानं छत खाली आल्यासारखं वाटतं आणि प्रमाण सुधारतं. साडेसात फुटांवर फॉल्स सीलिंग असतं तर आम्ही उलट सांगितलं असतं.

प्रश्न : रंग देऊन चार दिवस झाले. अंघोळीनंतर नेव्ही भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ येतात. रंग खराब आहे का?

उत्तर : नाही. इमल्शनमध्ये रंगद्रव्य पाण्यात विखुरलेलं राहावं म्हणून साबणासारखे पदार्थ घातलेले असतात. रंग नीट मुरण्याआधी त्याला वाफ लागली की ते पृष्ठभागावर येऊन ओघळतात. गडद शेडमध्ये टिंट जास्त, म्हणून हे पदार्थही जास्त. मऊ फडका आणि कोमट पाणी, एवढ्यानं ओघळ निघतात. घासू नका, साबण नको. एक-दोनदा पुन्हा येतील, मग थांबतील. तसेच महिनोन्महिने ठेवले तर मात्र डाग राहू शकतो. ओघळ आले म्हणून वरून आणखी एक हात देऊ नका, आधी धुवा. रंग वरून काही तासांत सुकतो, पण आतपर्यंत मुरायला दोन ते चार आठवडे जातात. पहिले दोन दिवस तिथं अंघोळ नको, आणि नंतरचे पंधरा दिवस गरम पाणी कमी, पंखा जास्त.

प्रश्न : टाइल्सच गडद रंगवून टाकल्या तर? तोडफोड टळेल.

उत्तर : बेसिनमागच्या आणि कमोडमागच्या टाइल्स रंगवता येतात. आधी साबणाचा थर आणि पांढरे क्षार पूर्ण काढा, चकाकी २२० नंबरनं मारा आणि दोन घटक मिसळून वापरायचा इपॉक्सी टाइल पेंट लावा. साधं इमल्शन टाइलवर महिनाभरही धरत नाही. शॉवरखालच्या भिंतीला आणि जमिनीला रंग देऊ नका. तिथं रोज पाणी साचतं, फटींतून रंगाखाली शिरतं आणि ग्राउटच्या रेषेपासून साल सुटायला लागते. शिवाय तुमच्याकडचं पाणी जड असेल तर गडद टाइलवर सुकलेला प्रत्येक थेंब पांढरं कडं सोडतो. शॉवरची भिंत आहे तशी फिकी ठेवा आणि गडद रंग कोरड्या भागात द्या.